हार नंतर, किल्ल्या आधी: एपिस्कोपल चर्चमध्ये नव्या असोसिएट प्रीस्टचं स्वागत

अमेरिकेत राहणारी आपल्याकडची बरीच सीएनआयची माणसं रविवारी एपिस्कोपल चर्चमध्ये दिसतात. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया (सीएनआय) आणि एपिस्कोपल चर्च, दोन्ही अँग्लिकन कम्युनियनमध्ये, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या जगभरच्या चर्चांच्या कुटुंबात आहेत. उपासनेचा क्रम ओळखीचा वाटतो. कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे पायांनाच माहीत असतं. वर्ष-दोन वर्षं मागच्या बाकावर बसून काढली की एखाद्या रविवारी सीनियर वॉर्डन तुम्हाला कॉफीच्या टेबलापाशी गाठतात. "नवीन असोसिएट प्रीस्ट येताहेत. स्वागत समितीत याल का?" आपण नगर-पुण्याकडे इतके सत्कार पाहिलेले असतात, की हो म्हणायला वेळ लागत नाही.

मीही असंच हो म्हटलं होतं. पहिल्या बैठकीला यादी घेऊनच गेले: हार, शाल, मानपत्र, तीन भाषणं, जेवण. सगळ्यांनी कौतुकानं ऐकून घेतलं. मग शेजारच्या बाईंनी विचारलं, "किल्ल्या कोण करून घेणार?" कुणीच उत्तर दिलं नाही. आधीच्या असोसिएटनी पहिला आठवडाभर दार उघडून घ्यायला देखभालीच्या माणसाला फोन केले होते म्हणे. त्या दिवसापासून स्वागत म्हणजे आधी माहिती आणि मग सोहळा, अशी माझी समजूत झाली आहे. हा लेख त्याच समजुतीनं लिहिलेला आहे, आणि पहिल्यांदाच अशा समितीत बसणाऱ्यांसाठी आहे.

आधी पदं समजून घ्या

इथली पदांची नावं मराठी माणसाला गोंधळात पाडतात. रेक्टर म्हटलं की आपल्याला होस्टेल आठवतं, आणि वॉर्डन म्हटलं तरी होस्टेलच. इथे रेक्टर म्हणजे मंडळीचे मुख्य पाळक. वॉर्डन दोन असतात, सीनियर आणि ज्युनियर. ते मंडळीतलेच सभासद. व्हेस्ट्री म्हणजे निवडून आलेली कारभारी समिती, आपल्या पास्टोरेट कमिटीसारखी. असोसिएट म्हणजे रेक्टरांच्या हाताखाली काम करणारे दीक्षित प्रीस्ट. काही ठिकाणी त्यांना असिस्टंट म्हणतात, आणि नुकतीच दीक्षा झालेली असेल तर क्युरेट.

आपल्याकडे पाळकांची बदली होते. बिशपांचं पत्र येतं, सामानाचा टेम्पो येतो, आणि आले ते आपले पाळक. इथे रेक्टरांना मंडळी बोलावते. म्हणजे व्हेस्ट्री त्यांची निवड करते, बिशपांना आधी कळवून. असोसिएटची निवड मात्र रेक्टर करतात. तीही बिशपांना नाव कळवूनच, आणि काही धर्मप्रांतांत व्हेस्ट्रीची संमतीही लागते. नियमाप्रमाणे असोसिएट रेक्टरांच्या अधिकाराखाली आणि मार्गदर्शनाखाली काम करतात. स्वागत समितीसाठी याचा सरळ अर्थ असा की कार्यक्रम कितीही छोटा असो, तो रेक्टरांना विचारून ठरतो. मंडळीनं परस्पर ठरवलेला सत्कार नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात अवघड जागी उभा करतो.

आणखी एक गोष्ट आधीच विचारून ठेवा: येणारी व्यक्ती प्रीस्ट आहे की अजून डीकन? सेमिनरीतून नव्यानं बाहेर पडलेल्यांना आधी डीकन म्हणून दीक्षा मिळते आणि प्रीस्टची दीक्षा साधारणपणे किमान सहा महिन्यांनी होते. तोवर त्यांना प्रभुभोजनाचा विधी चालवता येत नाही, पापक्षमेची घोषणा करता येत नाही, आशीर्वादही देता येत नाही. हे माहीत नसलं की लोक जेवणाच्या टेबलावर "फादर, आशीर्वाद द्या" म्हणतात आणि ते बिचारे रेक्टरांकडे बघतात. ओळखायची खूण सोपी आहे. डीकनचा स्टोल, म्हणजे झग्यावरचा लांब कापडी पट्टा, डाव्या खांद्यावरून तिरका उजव्या कमरेकडे जातो, प्रीस्टचा गळ्यातून दोन्ही बाजूंना सरळ खाली लोंबतो.

नवे पाळक ल्युथरन निघाले तरी चकित होऊ नका. इथल्या सर्वांत मोठ्या ल्युथरन चर्चशी एपिस्कोपल चर्चची २००१ पासून पूर्ण सहभागिता आहे, त्यामुळे एकमेकांचे पाळक एकमेकांच्या वेदीवर सेवा करू शकतात.

नाव काय घ्यायचं?

माझ्या आईला मी फोनवर सांगितलं, "आमच्याकडे नव्या पाळक येताहेत, बाई आहेत." ती म्हणाली, "पाळकबाई तर असणारच गं, पाळक कोण आहेत?" आपल्याकडे पाळकबाई म्हणजे पाळकसाहेबांची बायको, तिथपर्यंतच तिचा हिशेब. मी म्हटलं, पाळक त्याच. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग विचारलं, "मग त्यांच्या मिस्टरांना काय म्हणायचं?" याचं उत्तर माझ्याकडे अजून नाही.

एपिस्कोपल चर्चमध्ये बाई प्रीस्ट असणं आता रोजचं आहे, पण ते आपोआप झालेलं नाही. १९७४ च्या जुलैत फिलाडेल्फियात अकरा जणींना नियमाची वाट न बघता दीक्षा दिली गेली. त्यावरून मोठं वादळ उठलं. मग १९७६ च्या जनरल कन्व्हेन्शननं, म्हणजे चर्चच्या सर्वोच्च सभेनं, मान्यता दिली आणि १ जानेवारी १९७७ पासून ती लागू झाली. १९८९ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये बार्बरा हॅरिस या पहिल्या बाई बिशप झाल्या. मंडळीतल्या सत्तरीच्या पुढच्या बायकांना हे सगळं डोळ्यांदेखत घडलेलं आठवतं. त्यांना विचारा, कॉफी थंड होईपर्यंत सांगतील.

हाक मारायचा प्रश्न राहिला. कुणाला फादर आवडतं, कुणाला मदर, कुणाला पास्टर, आणि पुष्कळांना नुसतं पहिलं नाव. आपल्याला वडीलधाऱ्या माणसाला पहिल्या नावानं हाक मारताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. पण त्यांनी तसं सांगितलं असेल तर तसंच म्हणा. उगाच 'सर' लावू नका. 'रेव्हरंड' हे मात्र हाक मारायचं नाव नव्हे. ते पत्रावर पूर्ण नावाआधी लिहायचं विशेषण आहे, आपल्या ह.भ.प.सारखं. "अहो हभप, चहा घेता का?" असं कुणी म्हणत नाही, तसंच ते. नवे पाळक येण्यापूर्वीच त्यांना एका ओळीत विचारा: आम्ही तुम्हाला काय म्हणावं? उत्तर पुढच्या रविवारच्या पत्रिकेत छापा. पन्नास माणसांची पंचाईत टळते.

बातमी कधी फोडायची

करारपत्रावर सह्या झाल्या की कुणाला तरी कळतंच, आणि कळलं की बोटं शिवशिवतात. थांबा. ज्या मंडळीतून ते येताहेत तिथल्या लोकांना त्यांनी अजून सांगितलेलं नसतं. दोन्हीकडे एकाच रविवारी सांगायचं असं बहुधा ठरलेलं असतं. तुमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचा एक फोटो तिथल्या एखाद्या आजींपर्यंत शनिवारी पोचला, तर निरोप घ्यायच्या आधीच तिथे रडारड. रेक्टरांचं पत्र सगळ्यांना जाईपर्यंत समितीनं तोंड बंद ठेवायचं.

आणि गूगलवर शोधून काढलेली माहिती वाटत फिरू नका. जुने उपदेश ऐकलेत तर स्वतःपुरते ऐका. पार्श्वभूमीची अधिकृत तपासणी धर्मप्रांत करतो. ती तुमच्या समितीचं काम नाही.

बातमी जाहीर झाली की एका वेगळ्याच संकटासाठी तयार राहा. नव्या पाळकांच्या नावानं भामटे सभासदांना ईमेल पाठवतात. मजकूर ठरलेला असतो: मी मीटिंगमध्ये आहे, फोन करू नका, एका आजारी माणसासाठी तातडीनं गिफ्ट कार्डं हवी आहेत, मागचे नंबर खरवडून फोटो पाठवा. नवीन माणसाची लिहायची पद्धत अजून कुणाला ओळखीची नसते, म्हणून हाच काळ त्यांना सोयीचा. आपली माणसं तर पाळकांचा शब्द खाली पडू देत नाहीत, त्यामुळे अशा ईमेलला आपणच आधी फसतो. पहिल्याच पत्रात ठळक लिहा की आमचे कुणीही पाळक ईमेलवर किंवा मेसेजवर गिफ्ट कार्ड मागत नाहीत. वयस्कर सभासदांना फोन करून सांगा.

ते येण्यापूर्वीचे पंधरा दिवस

खरं स्वागत इथे होतं, आणि ते कुणाला दिसत नाही.

एकच माणूस संपर्कासाठी नेमा. घर शोधताना, मुलांच्या शाळा विचारताना, सामानाचा ट्रक यायच्या दिवशी त्यांनी ज्याला निःसंकोच फोन करावा असा एक. पाच जणांनी पाच ईमेल पाठवले की त्यांना पाच उत्तरं लिहावी लागतात, आणि तेही खोक्यांच्या राशीत बसून.

त्यांची खोली बघून या. आमच्याकडे आधीच्या असोसिएटना जाऊन सात महिने झाले होते. खोलीत नाताळच्या देखाव्यातला एक मेंढपाळ, नादुरुस्त प्रोजेक्टर आणि तीन घडीच्या खुर्च्या येऊन बसल्या होत्या. टेबलाचा वरचा खण उघडला तर वाळलेली पेनं, आणि झावळ्यांच्या रविवारी वाटलेले गवतासारखे पिवळे पडलेले क्रूस. ते क्रूस फेकायचे नसतात. जाळून त्यांची राख पुढच्या राखेच्या बुधवारी कपाळाला लावतात. म्हणून ते आल्टर गिल्डच्या, म्हणजे वेदीची मांडामांड बघणाऱ्या गटाच्या, बायकांकडे द्या. बाकीचं खुशाल फेका. भिंतीला रंग देता आला तर उत्तम, पण रिकामा खण जास्त महत्त्वाचा आहे.

मग किल्ल्या: मुख्य दार, ऑफिस, सॅक्रिस्टी म्हणजे वेदीची भांडी आणि झगे ठेवतात ती खोली, पॅरिश हॉल. प्रत्येक किल्लीला चिठ्ठी बांधा आणि प्रत्येक किल्ली स्वतः कुलपात फिरवून बघा, कारण बाजारात करून घेतलेल्या चारांतली एक लागत नाहीच. अलार्मचा आकडा, कॉपियरचा आकडा, वायफाय, ईमेल खातं, दारावरची नावाची पाटी, गाडी लावायची जागा, सॅक्रिस्टीत झगा टांगायला एक रिकामी खुंटी. ही यादी रंगीबेरंगी नाही, पण पहिल्या सोमवारी सकाळी नऊ वाजता यातलं काहीही नसलं तर तुमच्या हाराचा काडीचा उपयोग नाही.

पगार, पेन्शन यात समितीनं पडू नये. फक्त तुमच्यापैकी कुणी व्हेस्ट्रीवर असेल तर एवढं ठाऊक असू द्या की पाळकांच्या मोबदल्याच्या १८ टक्के रक्कम मंडळी वेगळी पेन्शन फंडात भरते. तेव्हा असोसिएट ठेवणं मंडळीला दिसतं त्यापेक्षा महाग पडतं, आणि ज्यांनी हा खर्च मंजूर केलाय त्यांना पहिल्या महिन्यापासून फळ दिसायची घाई असते. ती घाई नव्या माणसापर्यंत पोचू देऊ नका.

घरी पहिल्या दिवसासाठी जेवण पाठवणं ही आपली हुकमी बाजू. पण विचारून. काय खातात, कशाची ॲलर्जी आहे, किती तिखट चालतं. ट्रक उतरवून थकलेल्या माणसाला फ्रीजमध्ये ठेवता येईल, नुसतं गरम करून खाता येईल असं द्या. मी वरणभात, बटाट्याची भाजी आणि पोळ्या दिल्या. डबे परत करायचं ओझं नको म्हणून दुकानातले फेकता येणारे डबे वापरले. स्टीलचा डबा दिलात तर तो रिकामा परत करायचा नसतो हे त्यांना माहीत नसतं, आणि कुणी सांगितलंच तर त्या डब्याची त्यांना चिंता लागून राहते.

न छापलेल्या रिवाजांची वही

समितीचं सगळ्यात मोलाचं काम कुठलं असं विचाराल तर मी ही वही म्हणेन. छापील पत्रिकेत उपासनेचा क्रम असतो. मंडळीच्या सवयी नसतात. सध्याचं प्रार्थनापुस्तक १९७९ चं आहे आणि देशभर तेच आहे, पण त्याच पुस्तकातून दोन मंडळ्या दोन वेगळ्या उपासना करतात.

वहीत काय लिहायचं? सकाळी आठची उपासना जुन्या भाषेतली, बिनसंगीताची, आणि पावणेनऊला संपलीच पाहिजे, कारण त्या लोकांचा नाश्ता ठरलेला आहे. दहाच्या उपासनेला शांतीची भेट, म्हणजे एकमेकांना हात मिळवून शांती देणं, पाच मिनिटं चालते. कुणी आवरतं घ्यायला गेलं तर नाराजी. प्रभुभोजनाला पापडी की भाकर? ग्लुटेन नसलेल्या पापड्या कुठल्या बाजूला? प्याल्यातून पिणारे किती आणि बुडवून घेणारे किती? कोणत्या बाकावर ऐकू कमी येणारी माणसं बसतात? घंटा कोण वाजवतं, आणि त्याला न सांगता दुसऱ्या कुणी वाजवली तर काय होतं? झाडूनपुसून शेवटी कुलूप कोण लावतं?

दुसरा भाग दुःखाचा. या वर्षात कुणाकडे कोण गेलं. कुठल्या घरात आजारपण आहे आणि त्याबद्दल बोललेलं चालतं की नाही. इथे भान ठेवा: जे सगळ्या मंडळीला माहीत आहे तेवढंच लिहायचं. कानावर आलेलं, कुजबुजलेलं वहीत नको. ते सांगायचं असेल तर रेक्टर सांगतील.

तिसरा भाग नावांचा. प्रभुभोजनाच्या वेळी कठड्यापाशी पुष्कळ पाळक नाव घेऊन भाकर देतात. तिथे आपलं नाव चुकीचं ऐकू आलं की त्या क्षणी काहीतरी हलतं, आणि बरोबर ऐकू आलं की त्याहून जास्त हलतं. माझ्या आडनावात ळ आहे. सहा वर्षं मी तो ल म्हणून ऐकला, कधी र म्हणून. तोंडानं सांगून लक्षात राहत नाही, म्हणून आम्ही ज्यांची नावं अवघड, मग ती नायजेरियन असोत, वेल्श असोत की आपली, त्यांच्याकडून पाच-पाच सेकंदांचं रेकॉर्डिंग करून घेतलं आणि फोटोंच्या यादीसोबत दिलं. गाडी चालवताना ऐकता येतं. आणि मंडळीतल्या सगळ्यांनी, अगदी चाळीस वर्षं येणाऱ्यांनीसुद्धा, तीन महिने छातीवर नावाची पट्टी लावायची. "मला सगळे ओळखतात" म्हणणाऱ्यांनी आधी.

पहिला रविवार

पहिला रविवार साधा ठेवा. पुष्कळ असोसिएट उन्हाळ्यात रुजू होतात, तेव्हा निम्मी मंडळी सुट्टीवर असते. मोठा कार्यक्रम सप्टेंबरात ठेवावा. तेव्हा संडे स्कूल सुरू होतं, क्वायर परत येतं, आणि चर्च भरतं. पहिल्या दिवशी मध्यस्थीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव, शांतीच्या भेटीनंतर वॉर्डननी दोन मिनिटांचं स्वागत, आणि टाळ्या. बास.

प्रार्थनापुस्तकात नव्या सेवेच्या आरंभाचा एक सुंदर विधी आहे. तो मुख्यतः रेक्टरांसाठी असला तरी असिस्टंट प्रीस्टसाठी बदल करून वापरता येतो, असं पुस्तकातच म्हटलेलं आहे. मंडळीतले लोक एकेक वस्तू आणून हातात देतात: बायबल, पाण्याचं भांडं, स्टोल, प्रार्थनेचं पुस्तक, तेल, चर्चच्या किल्ल्या, चर्चची घटना आणि नियम, भाकर आणि द्राक्षारस. किल्ल्या तिथेही आहेतच, बघा. हा विधी करायचा तर बिशपांची तारीख लागते, म्हणून असोसिएटसाठी बहुतेक ठिकाणी करत नाहीत. रेक्टरांना एकदा विचारून बघायला हरकत नाही. नाही म्हणाले तर आग्रह नको.

आता हार. घालावा की नाही? माझं मत: घालावा, पण उपासनेत नाही, हॉलमध्ये. झगे आणि स्टोल यांना ऋतूचा रंग असतो, त्यावर झेंडूचा हार आला की फोटोत छान दिसतो आणि आल्टर गिल्डच्या बायका कपड्यावर पडलेले डाग महिनाभर काढत बसतात. लेंटमध्ये, म्हणजे उपवासकाळात, पुष्कळ चर्चमध्ये वेदीवरही फुलं नसतात, तेव्हा तर हॉलमध्येसुद्धा हाराऐवजी शाल बरी. आणि हार का घालतात हे एका वाक्यात सांगा. नाहीतर त्या माणसाला तो काढायचा कधी हेच कळत नाही. आमच्या पाळक तो गळ्यात ठेवूनच पार्किंगपर्यंत गेल्या.

कॉफीचा तास

उपासनेनंतरची कॉफी म्हणजे निम्मी मंडळी. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली, न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकांसारखी माणसं तिथे होती, आणि त्या कपभर चहावरून प्रकरण प्रायश्चित्तापर्यंत गेलं. त्या मिशनमध्ये काउलीचे फादर, म्हणजे एका अँग्लिकन संघाचे मठवासी, काम करत. त्यांच्याच संघाचा मठ इथे मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला चार्ल्स नदीच्या काठी आहे, आणि तो एपिस्कोपल चर्चमधला आहे. कॉफीच्या रांगेत सांगायला ही गोष्ट फार उपयोगी पडते. कोण कोणाच्या हातचं खातं याला किती इतिहास आहे हे ऐकून लोक कप धरून थांबतात.

जेवण असेल तर प्रत्येक पदार्थापुढे चिठ्ठी ठेवा. दाणे आहेत का, गहू आहे का, दूध आहे का, तिखट किती. साबुदाण्याच्या खिचडीत दाण्याचं कूट आहे हे बघून कुणाला कळणार? संध्याकाळच्या कार्यक्रमात वाइन ठेवली जाते, त्याचा धक्का बसू देऊ नका. पण शेजारी दारू नसलेलं पेयही तितक्याच मानानं मांडायचं, कोपऱ्यात पाण्याच्या बाटल्या लोटून द्यायच्या नाहीत, हे एपिस्कोपल चर्चचंच धोरण आहे.

नव्या पाळकांना एका जागी बसवून समोर रांग लावू नका. लग्नातल्या रिसेप्शनसारखं होतं ते. समितीतल्या एकानं त्यांच्यासोबत फिरावं, नावं सांगावीत, आणि जो गृहस्थ छताच्या गळतीचा पंधरा वर्षांचा इतिहास सांगायला लागेल त्याच्या तावडीतून हळूच सोडवावं. मधे त्यांच्या हातात भरलेली ताटली द्या. पाळक उपाशी घरी जातात, हे जगभर सारखंच.

घरच्यांचं काय

आपल्याकडे पाळकबाईंनी महिला मंडळ चालवायचं, पेटी वाजवायची, संडे स्कूल घ्यायचं, असं न बोलता ठरलेलं असतं. इथे जोडीदाराची स्वतःची नोकरी असते आणि कधी स्वतःचं वेगळं चर्चही. कदाचित ते रविवारी येणारच नाहीत. "मिस्टर दिसले नाहीत?" हे दर रविवारी विचारू नका. पाळक एकटे असतील तर स्थळं सुचवू नका. हसू नका, हे घडलेलं आहे.

जोडीदार त्यांच्याच लिंगाचा असू शकतो. अशा विवाहाचा विधी एपिस्कोपल चर्चमध्ये २०१५ च्या जनरल कन्व्हेन्शनपासून मंजूर आहे. आपल्या सीएनआयच्या वातावरणातून आलेल्यांना हे पचवायला वेळ लागतो, आणि मनातले प्रश्न रेक्टरांशी बोलायला काहीच हरकत नाही. पण कॉफीच्या टेबलापाशी त्या दोघांशी तेच बोलायचं जे इतर कुणाशी बोलाल: घर मिळालं का, थंडी कशी वाटतेय, आमटी आणखी वाढू का.

पहिले तीन महिने

इथे पाळक आपणहून दार वाजवून प्रार्थनेला येतील अशी वाट बघत बसलात तर वर्ष जाईल. बोलवावं लागतं. समितीनं छोटी छोटी बोलावणी आखावीत, आठवड्याला एखादं, सहा-आठ माणसांचं, तास-दीड तासाचं. मोठ्या मेळाव्यात नावं कळतात, जेवणाच्या टेबलावर माणसं कळतात. आपल्या घरी बोलावलंत तर ना. वा. टिळकांचं एखादं भजन म्हणून दाखवा, अर्थ सांगा. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची गाणी इथल्या कुठल्याही पाळकाला नवीन असतात, आणि अभंगाची चाल पहिल्यांदा ऐकताना माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सुट्टीचा वार कुठला ते विचारा आणि छापा. कुणी सोमवारी घेतं, कुणी शुक्रवारी. त्या दिवशी फोन फक्त मरण किंवा मरणाच्या दारातलं आजारपण असेल तर, आणि तोही आधी त्या दिवशी कामावर असलेल्या पाळकाला. पोटलकच्या, म्हणजे ज्यानं-त्यानं पदार्थ आणायच्या जेवणाच्या, यादीसाठी नाही.

आता सगळ्यात नाजूक भाग. नवीन माणूस आला की रेक्टरांवर नाराज असलेले चार जण त्याच्याभोवती जमतात. "तुमचा उपदेश काय सुंदर झाला, नाहीतर..." हे 'नाहीतर' विषारी आहे. असोसिएट रेक्टरांच्या हाताखाली आहेत. तुमची तक्रार ऐकली तर ते अडचणीत, नाही ऐकली तर शिष्ट. रेक्टरांबद्दलची तक्रार रेक्टरांकडे किंवा वॉर्डनकडे न्यायची. (तक्रार गैरवर्तनाची असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी प्रत्येक धर्मप्रांतात नेमलेली व्यक्ती असते, तिचं नाव चर्चच्या फलकावर शोधा.) याच न्यायानं आधीच्या असोसिएटशी तुलनाही नको. त्यांना नव्या पाळकांना न विचारता लग्नाला, बाप्तिस्म्याला बोलावू नका. दुसरीकडे गेलेल्या पाळकानं जुन्या मंडळीत आपणहून सेवा करायची नाही, असा इथला संकेत आहे, आणि तो मोडायला बहुधा प्रेमळ सभासदच भाग पाडतात.

पैशाचं पाकीट हातात देऊ नका. आपल्याकडे प्रार्थना झाली की पाकीट देतात, पण इथे त्यामुळे पाळकांना हिशेबाची अडचण होते. मदतनिधीसाठी द्यायचं तर चर्चच्या नावानं चेक, खाली हेतू लिहून. मुलांच्या कार्यक्रमात मदत करायची तर आधी सुरक्षिततेचं प्रशिक्षण. मुलांसोबत एकटा मोठा माणूस कधीच नको, हा नियम पाळकांनाही आहे. तेव्हा नव्या पाळकांनी तुमच्या मुलीला एकटीला गाडीतून सोडायला नकार दिला, तर तो रुक्षपणा समजू नका.

सहा महिन्यांनंतर

समिती बहुधा पहिल्या महिन्यात विसर्जित होते. करू नका. सहा महिन्यांनी एकदा त्यांना नुसतं विचारा: वहीत काय चुकलं होतं? आम्ही विचारलं तेव्हा आमच्या पाळकांनी वही घरी नेली आणि दोन आठवड्यांनी परत दिली. समासात पेन्सिलनं बारीक अक्षरात दुरुस्त्या होत्या. पावणेनऊच्या पुढे: "नऊ चालतं, विचारून पाहिलं." घंटेच्या पुढे दोन उद्गारचिन्हं. चौथी किल्ली: "लागत नाही." आणि नावांच्या पानावर माझ्या आडनावापुढे रोमन अक्षरांत तीन वेळा खोडून चौथ्यांदा लिहिलेला एक उच्चार, त्याखाली रेघ, आणि शेजारी: "जीभ मागे वळवायची. गाडीत सराव."